दारासिंगचा 'लुटेरा' आणि आपली पुरवणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला हिंदी चित्रपटसंगीताच्या सुवर्णकाळावरचा पानभर लेख वाचला. सोमवारी पुन्हा वाचला. रागाच्या भरात एखादी ओळ नजरेतून सुटली असेल, असं वाटलं होतं. सुटली नव्हती. मारधाडीचे स्टंटपट आणि राक्षस-तलवारींचे पोशाखीपट वगळून बाकी सगळ्यांचं कौतुक लेखकमहाशयांनी केलं आहे. लेखाला लताबाईंच्या गाण्यांची चौकट जोडली आहे. तीत 'लुटेरा'चं नाव पाहून क्षणभर बरं वाटलं. मग शेजारचं छायाचित्र पाहिलं. ते 2013 च्या 'लुटेरा'चं! त्यात अमित त्रिवेदींचं संगीत आहे आणि ते चांगलंच आहे, तक्रार त्याबद्दल नाही. पण 'नींद निगाहों की खो जाती है' हे गाणं 1965 च्या 'लुटेरा'तलं आहे. त्यात दारासिंग आहे, निशी आहे, हेलन आहे. तो फोटो मिळाला नसेल तर जागा कोरी सोडायची होती. शिकवणीची जाहिरात तरी बसली असती.

वगळायचंच म्हणता, तर वगळून बघा. 1963 चा 'पारसमणी' वगळा. दिग्दर्शक बाबूभाई मिस्त्री, म्हणजे काळ्या दोऱ्याला बांधून वस्तू हवेत उडवणारे, ट्रिक सीनचे बादशहा. नायक महिपाल. चित्रपटाची गोष्ट आज कुणाला विचारली तर सांगता येणार नाही, मलाही येणार नाही. पण त्यातलंच 'वो जब याद आए', त्यातलंच 'हँसता हुआ नूरानी चेहरा', आणि लक्ष्मीकांत-प्यारेलाल हे नाव पडद्यावर पहिल्यांदा झळकलं तेही त्याच चित्रपटात. दोघंही तेव्हा पंचविशीच्या आसपासचे. एक मेंडोलिन वाजवणारा, दुसरा व्हायोलिन. मोठ्या बॅनरच्या दारात मोठे संगीतकार बसलेले. मग पोरांनी जायचं कुठं? जिथं राक्षस, चाचे आणि तलवारी होत्या तिथं गेली.

1963 चाच 'शिकारी' वगळा. पडद्यावर अजस्र वानर आणि कानावर लताबाई-उषाबाईंचं 'तुमको पिया दिल दिया'. संगीतकार जी. एस. कोहली. ओ. पी. नय्यर यांचा हा सहाय्यक एवढं सुरेल काम करून गेला आणि आपल्या पानभर लेखात त्याला अर्धी ओळही नाही. संगीतकार चित्रगुप्तांचं तर विचारूच नका. एम. ए. झालेला माणूस, पण उमेदीची वर्षं स्टंट आणि पौराणिक चित्रपटांत गेली. होमी वाडियांच्या 'ज़बक'मधलं 'तेरी दुनिया से दूर' ज्यांनी ऐकलं असेल त्यांना मी वेगळं सांगायला नको. ज्यांनी ऐकलं नसेल त्यांनी सुवर्णकाळावर लेख लिहू नयेत.

असो. एवढं तापण्याचं कारण घरगुती आहे.

माझा मामा लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचा. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत तंबूच्या टॉकीज लागायच्या. मुंबईत येऊन गेलेला पिक्चर तिथं दोन-तीन वर्षांनी पोचायचा, प्रिंटवर पाऊस पडत असायचा. तिथं एका वर्षी 'लुटेरा' लागला. गाणं सुरू झालं की अख्खा तंबू बिड्या ओढायला बाहेर जायचा आणि मारामारी लागली की आत धावायचा. मामाचं उलटं. दारासिंगनं शर्टाची बाही सरकवली की हा उठून बाहेर. "मारामारी काय बघायची? ती आपल्या भावकीत रोज हाय," म्हणायचा. बाहेर जनरेटरची धडधड चालू, तिथं गाण्याची सुरुवात ऐकू येत नसे. म्हणून मला आत बसवलेलं. मला हुकूम एकच : हिरोइन एकटी दिसली आणि वारा सुटला की पळत येऊन हाक मार.

मी दहा वर्षांचा. दुसऱ्या रात्री दारासिंगनं कुणाला तरी दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून धरलं आणि मी सगळं विसरलो. मामा आत आला तेव्हा मुखडा होऊन गेला होता. तो मला काही बोलला नाही. तिसऱ्या रात्री त्यानं पुन्हा तिकीट काढलं, एकट्याचं. मला बाहेर गुडदाणी देऊन बसवलं. गुडदाणी संपेपर्यंत मी रडत होतो.

त्या तीन रात्रींत मामानं 'नींद निगाहों की'चे मधले वाद्यांचे तुकडेसुद्धा उतरवले. एका लग्नपत्रिकेच्या पाठीमागे सा-रे-ग-म मध्ये, पेन्सिलीनं, अंधारात, त्यामुळे ओळी एकमेकींवर चढलेल्या. रेकॉर्ड विकत घेण्याची ऐपत नव्हती, आणि घेतली असती तरी वाजवायची कशावर? पुढच्या हंगामात त्यानं ते गाणं एका वरातीत घेतलं. रात्रीचे अकरा वाजून गेलेले. नवऱ्या मुलाचे वडील म्हणाले, "वरातीत झोपेचं गाणं कशाला? काहीतरी उडतं वाजवा." मामानं गाणं पुरं केलं आणि मगच उडतं वाजवलं. त्या रात्रीची बिदागी त्याला कमी मिळाली, हे मला आईनं फार नंतर सांगितलं. आता मामा नाही आणि वरातीत क्लॅरनेटही नाही. डॉल्बी आहे. त्याबद्दल मागच्या वर्षी आपल्याला सविस्तर पत्र लिहिलं होतं, ते आपण कापून चार ओळींचं केलंत. हे कापायचं झाल्यास वरचा 'ज़बक'चा उल्लेख तरी ठेवावा ही विनंती.

आमच्याकडे गुळाच्या सौद्यात ढेप फोडून, चव घेऊन मग प्रत ठरवतात. आपल्या लेखकांनी ढेपेवरचं कापड बघूनच नंबर लावलेला दिसतो. रेडिओवर असं नव्हतं. निवेदक गाणं, गायक, संगीतकार सांगायचा, चित्रपटाचं नाव सांगायचा, बी ग्रेड की सी ग्रेड हे सांगायचा नाही. म्हणून तर कित्येकांना ती गाणी दारासिंगच्या चित्रपटांतली आहेत हे आजही माहीत नाही.

रेडिओवरून आठवलं. आकाशवाणीचे कार्यक्रम पूर्वी आपल्या अंकात छापून यायचे. कधी बंद केलेत ते वाचकांना कळवलंसुद्धा नाहीत. चौकशीला फोन केला, तर पलीकडची मुलगी अत्यंत अदबीनं म्हणाली, "काका, ते आता कुणी ऐकत नाही." मी ऐकतो. शेजारचे दोघे ऐकतात. आमच्या चौकातला सलूनवाला दिवसभर ऐकतो. राशिभविष्याला रोज अर्धा रकाना मिळतो, त्यातली एक रास कमी करून जागा निघते का पाहावं. माझी वृश्चिक आहे, ती काढली तरी चालेल.

आणि 1965 च्या 'लुटेरा'चा फोटो पुढच्या रविवारी छापावा, लहान असला तरी हरकत नाही.

आपला,
एक जुना वर्गणीदार
कोरेगाव, जि. सातारा