नाव विचारायचं राहून गेलं, त्या सगळ्यांचे आभार

गोव्यातल्या हौशी ऑफ-रोड (रस्ता सोडून चिखल-दगडांतून गाडी चालवायच्या) स्पर्धेसाठी आम्ही दोघं नवरा-बायको पुण्याहून आमची जुनी जीप घेऊन निघालो. आजऱ्यापर्यंत सगळं सुरळीत होतं. आंबोली घाटात, भर पावसात आणि धुक्यात, रेडिएटरचा होज, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी नेणारी रबरी नळी, फाटला.

मागून आलेल्या भाजीच्या टेम्पोवाल्या दादांनी हात न दाखवताच गाडी थांबवली. चाकांमागे दगड लावले, इंजिन गार होऊ दिलं, होजचा फाटका तुकडा कापून उरलेला पुन्हा क्लिपने आवळला आणि सावंतवाडीपर्यंत आमच्या मागेमागे आले. तिथल्या गॅरेजवाल्या काकांनी रात्री दहाला शटर उघडलं, पैसे घेतले ते फक्त नव्या होजचे. काकूंनी वाढलेली गरम पेज आम्ही विसरणार नाही.

स्पर्धेत जीप चिखलात पोटावर टेकली. पकड मिळावी म्हणून टायरची हवा 15 पीएसआयपर्यंत उतरवूनही हलेना, तेव्हा दुसऱ्या संघाने स्वतःचा वेळ घालवून आपला विंच, म्हणजे वायर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र, लावला. ताणलेली वायर तुटली तर माणूस जायबंदी होतो. मला हाताला धरून लांब नेणाऱ्या, स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या मार्शल ताई, तुमचे उपकार मोठे आहेत.

आणि टेम्पोवाले दादा, तुमची हातातली बॅटरी (टॉर्च) आमच्याकडेच राहिली आहे. जपून ठेवली आहे.