सोलापूरच्या गड्डा यात्रेतल्या बालसुरक्षा मोहिमेसाठी सूचना

सर्व स्वयंसेवकांना नमस्कार. होम मैदानावर वाटायच्या पत्रकात चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा नंबर सर्वांत ठळक हवा, बाकी मजकूर चार ओळींत. तेलुगू, कन्नड आणि मराठी गठ्ठे वेगळे बांधा. गर्दीत हाताला येईल ते वाटलं जातं.

लहानग्यांच्या मनगटपट्टीवर पालकांचा मोबाइल नंबर लिहायचा, मुलाचं नाव नाही. नाव वाचून कुणीही अनोळखी माणूस ओळखीचा होऊन हाक मारू शकतो. बॉलपेनची अक्षरं घामाने जातात, पक्क्या शाईचा मार्कर न्या आणि शाई वाळल्याशिवाय पट्टी बांधू नका.

मूल सापडलं की लगेच पोलिसांना कळवा. भोंग्यावरून त्याचं नाव, कपड्यांचा रंग सांगायचा नाही. 'एक मूल सापडलंय, पालकांनी पोलिसांकडे यावं,' एवढंच. मुलाला न्यायला येणाऱ्यानेच त्याच्या खुणा सांगाव्यात.

फोटोंबद्दल कळकळीची विनंती. पीडित मुलाचा चेहरा पुसट केला तरी गणवेश, शाळेची पाटी, गल्लीतला बोर्ड यावरून ओळख पटते. पोक्सो (मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या) कायद्याच्या कलम २३ मधल्या ओळख उघड करण्याच्या बंदीत नाव-फोटोबरोबर शाळा, घरचे आणि परिसरही येतात. असा फोटो आपल्या ग्रुपवरसुद्धा टाकू नका.