वाळ्याचं पाणी आणि जांभळे डाग

नाशिक,
१४ मे

प्रिय नंद्या,

परवा पावणेतीनला फोन केलास त्याबद्दल माफी कसली मागतोस? मी जागाच होतो. दुसरी पाळी करून सातपूरहून घरी यायला साडेअकरा होतात, जेवून आडवं व्हायला साडेबारा, आणि मग डोक्यात मशीन चालूच. एकवीस वर्षं हेच. त्यात सिंहस्थाच्या कामांचे डंपर रात्रीच निघतात. तू विचारलंस, "झोप यावी म्हणून उशीवर मारायचा तो सुगंधी स्प्रे घेऊ का?" आई जागी होईल म्हणून मी "घे की" म्हणून फोन ठेवला. पण या विषयात मी दिवाळीपासून पैसे घालून शहाणा झालोय, तेव्हा सविस्तर लिहितो.

आधी फजिती ऐक. गेल्या दिवाळीत मी ऑनलाइन एक बाटली मागवली. कंपनीचं नाव सांगत नाही. वर हिरवं पान, मोठ्या अक्षरात 'नॅचरल' आणि आत छान जांभळं पाणी. मला वाटलं, लॅव्हेंडरचं फूल जांभळं, तर पाणीही तसंच असणार. भाऊबीजेला ताई येणार म्हणून हिने ठेवणीतले पांढरे अभ्रे काढले होते. बहिणीला शांत झोप लागावी म्हणून मी मोठ्या मनाने सात-आठ फवारे मारले. सकाळी ताई उठली ती डोकं धरूनच, आणि अभ्र्यावर जांभळे ठिपके. हिने लिंबू चोळलं, सोड्यात भिजवलं, तीन दिवस गच्चीत उन्हात घातलं. डाग अजून आहेत. तो अभ्रा आता कायमचा माझ्या उशीला.

लॅव्हेंडरचं खरं तेल नितळ असतं रे, फार तर किंचित पिवळसर. जांभळं दिसलं की रंग घातलाय असं समजायचं. बाटलीच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलंच होतं: पाणी, फ्रॅग्रन्स, रंग. 'फ्रॅग्रन्स' या एका शब्दाच्या पोटात काय काय असतं ते कोणी सांगत नाही. खरं तेल असेल तर बहुधा झाडाचं लॅटिन नाव छापलेलं असतं, लॅव्हेंडुला अँगुस्टिफोलिया. त्याऐवजी 'इंटरमीडिया' दिसलं तर ते लॅव्हँडिन. ती संकरित जात, स्वस्त पडते, पण तिच्यात कापराचा अंश जास्त. कापराच्या वासाने मी तरी आरतीला उभा राहिल्यासारखा टक्क जागा होतो.

मग मी शहाणपणा करून भद्रकालीत अत्तरवाल्या चाचांकडे गेलो. त्यांनी आधी कानात फाया खोचला आणि मग ऐकून घेतलं. अत्तर उशीवर टाकू नका म्हणाले. अत्तराचा पाया तेलाचा असतो; पूर्वी चंदनाचं तेल वापरत, आता बरेच जण लिक्विड पॅराफिनवर भागवतात. कापडावर त्याचा तेलकट चट्टा उठतो. (मी घरी येऊन रुमालावर करून बघितलं. उठतो.) त्यांनी एक सोपी परीक्षाही दाखवली. लॅव्हेंडरचा एक थेंब कोऱ्या कागदावर टाकायचा आणि चहा पिऊन यायचं. चहा होईतो थेंब जवळजवळ उडून गेला होता. भज्याच्या कागदासारखा डाग मागे राहिला तर दुसऱ्या तेलाची भेसळ आहे. बनावट सुगंध मात्र या परीक्षेत पकडला जात नाही, हेही त्यांनीच सांगितलं.

ते तेल घेतलं, चांगलं होतं, आणि तरीही मला झोप आली नाही! कारण सांगितलं तर हसशील. आमच्या कंपनीत संडास धुवायला जे जांभळं लिक्विड वापरतात, त्याचा वास थेट लॅव्हेंडरचा. डोळे मिटले की मी ड्यूटीवर.

खरी गोम इथेच आहे, नंद्या. वास नाकातून मेंदूत जातो तो भावना आणि आठवणींच्या भागांना जवळजवळ सरळ जाऊन भिडतो. दिसणं-ऐकणं जरा वळसा घेऊन पोचतं. लॅव्हेंडरवर परदेशात अभ्यास झालेत, काहींत झोप थोडी सुधारलेली दिसते, पण बरेचसे छोटे आहेत. शिवाय लॅव्हेंडर हुंगणाऱ्याला आपण लॅव्हेंडर हुंगतोय हे कळतंच. खोटी गोळी देऊन फसवता येतं, खोटा वास कसा देणार? माझं मत एवढंच की स्प्रे झोप आणत नाही, तो शरीराला खूण देतो. रोज त्याच वेळी तोच वास आला की अंग सैल सोडायचं, हे हळूहळू अंगवळणी पडतं. मग खूण आपल्या ओळखीची का नको?

आमचा पंचवटीतला वाडा आठव. मे महिन्यात माजघरात वाळ्याचे पडदे, त्यांच्यावर आजी तांब्याने पाणी मारायची, आणि दुपारी आपण दोघं शहाबादी फरशीवर उघडे मेल्यासारखे झोपायचो. तो ओल्या मातीचा, मुळांचा वास. मी वाळा घ्यायचं ठरवलं.

वाळ्याचं तेल काकवीसारखं दाट आणि तपकिरी, म्हणजे पुन्हा डागांची भीती. मुळ्या पाण्यात भिजवून ते पाणी फवारलं तरी पिवळट छटा येते. म्हणून मी ते पाणी घरीच उतरवतो. रविवार कारंजावरून मूठभर मुळ्या आणायच्या, तीन-चारदा धुवायच्या (माती फार निघते), कातरीने बोटभर तुकडे करायचे आणि रात्रभर भिजत घालायचे. सकाळी मोठ्या पातेल्याच्या मध्यभागी स्टीलचं स्टँड, त्यावर रिकामी वाटी, भोवती मुळ्या आणि त्यांचं पाणी. झाकण उलटं ठेवायचं, मूठ वाटीच्या बरोबर वर आली पाहिजे. झाकणाच्या खोलगट भागात बर्फ. मंद गॅस. वाफ वर जाऊन थंड होते, मुठीवरून एकेक थेंब वाटीत पडतो. तासाभरात वाटी भरते. पाणी अगदी काचेसारखं, आणि वास बेताचाच. पण घरभर जे पसरतं ना! आई खोलीतून ओरडली, "पडदे लावले का रे?" पडदे जाऊन चाळीस वर्षं झाली.

गुलाबपाणीही करून बघितलं. मुघलांच्या काळी आपल्या गावाला गुलशनाबाद म्हणत, त्याला जागावं म्हटलं. छान झालं, पण हिने ते तोंडाला लावून संपवलं.

तुला लॅव्हेंडरच हवं असेल तर १०० मिली पाण्यात १५-२० थेंब पुरे. तेल पाण्यात विरघळत नाही, वर तरंगतं. आधी ते पॉलिसॉर्बेट २० मध्ये (तेल पाण्यात मिसळवणारा पदार्थ) कालवून घे, नाहीतर प्रत्येक वेळी बाटली खळखळून हलव. काही जण व्होडका घालतात, पण तिच्यात पाणीच जास्त, त्यामुळे हलवायला लागतंच. आमच्या मेव्हण्याने विचारलं, नाशिकमध्ये राहून व्होडका कशाला, वाइन घाला की! त्याला मी तो जांभळा अभ्रा दाखवला. स्पिरिट घातलं असलंस तर मच्छर अगरबत्तीजवळ फवारू नकोस.

झोपायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी, हातभर अंतरावरून, दोन फवारे. फक्त अभ्र्यावर. तुझी उशी सावरीच्या कापसाची असेल तर आत ओल गेली की गोळे होतात. आणि आधी अभ्रा धू, बाबा! खोबरेल तेलाच्या कुबट वासावर फवारलंस तर दोन्हींची खिचडी होते. चार दिवसांनी वास येईनासा झाला म्हणून फवारे वाढवू नकोस. नाक सरावतं, पाणी तेवढंच असतं.

काकूंना दमा आहे, तेव्हा त्यांच्या खोलीत काहीच नको, घरचं असलं तरी. आणि तुमची मनी पायथ्याशी झोपते ना? मांजरांना ही तेलं पचत नाहीत, त्यांच्या यकृताला ती नीट मोडता येत नाहीत. लॅव्हेंडर घेतलंस तर तिला दुसऱ्या खोलीत ठेव. मला वाटतं ती तुला सोडणार नाही, म्हणजे लॅव्हेंडर बादच.

माझ्यापुरतं सांगायचं तर आता साधारण दीडला डोळा लागतो. रोज नाही. पाळी बदलली की पहिले दोन दिवस काही उपयोग होत नाही, डंपरवर तर अजिबातच नाही.

वाळ्याच्या पाण्याची बाटली पार्सलमध्ये आहे, तपकिरी काचेची. टिकवायचं काही घातलेलं नाही, म्हणून फ्रिजमध्ये ठेव. वर तारीख लिहिलीय. दोन आठवड्यांनी जे उरेल ते तुळशीला घाल. काकूंना नमस्कार, वहिनींना सांग बाटली फ्रिजच्या दारात असली तरी ते पिण्याचं पाणी नाही.

तुझा,
विश्या

ता. क. मुळ्यांची एक जुडीही टाकलीय. ती माठात सोड. पडदे काही आता परत येत नाहीत.