डिजिटल शाळा मोजायची कशाने?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

शाळांना इंटरॅक्टिव्ह पॅनल मिळणार, टॅब मिळणार, कृत्रिम बुद्धिमत्ताही अभ्यासक्रमात येणार, अशा बातम्या हल्ली वरचेवर वाचायला मिळतात. जिल्हा परिषदेच्या शाळेतला शिक्षक म्हणून मला त्यांचा आनंदच आहे. पण गेल्या दहा वर्षांत या यंत्रांकडून आम्हा शिक्षकांच्या अपेक्षा किती बदलल्या, याची दखल खरेदी करणाऱ्यांनी घेतलेली दिसत नाही. म्हणून हे पत्र.

22 जून 2015 ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय निघाला आणि डिजिटल शाळांची लाटच आली. शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याची शाळा बघायला लांबलांबून शिक्षक जात. परत आले की गावात बैठक, लोकवर्गणी, मुंबईत नोकरीला असलेल्यांना फोन. यात्रेच्या शिलकीतून प्रोजेक्टर आलेली गावेही आहेत. तेव्हा आमचा हेतू सरळ होता: पोरांना शाळेची ओढ लागावी. आमच्या अकोले तालुक्यातून मजुरीसाठी नारायणगावकडे जाणारी कुटुंबे पुष्कळ. आईबापांबरोबर निघालेले मूल 'आज टीव्हीवर कविता आहे' म्हणून मागे राहत असेल, तर त्या प्रोजेक्टरचे पैसे वसूल झाले असेच मी आजही म्हणेन.

पुढे बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आले. त्यामागे परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींचे काम होते, ज्यांना 2020 मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळाले. कल्पना उत्तमच, फक्त आमच्याकडे रेंज खिंडीत येते आणि शाळा खाली आहे. त्याच वर्षी टाळेबंदीत सगळे हेतू बाजूला पडून एकच उरला, मुलांपर्यंत पोहोचणे. 'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात घरी स्मार्टफोन असलेली शाळकरी मुले 2018 मध्ये 36.5 टक्के होती, ती 2020 मध्ये 61.8 टक्के झाली. आकडा खरा, पण फोन बापाच्या खिशात आणि बाप दिवसभर रानात. शेवटी कित्येक शिक्षक पाड्यापाड्यावर जाऊन ओट्यावर शिकवू लागले.

शाळा पुन्हा उघडल्यावर वाचनात मागे पडलेल्या मुलांकडे माझे लक्ष गेले आणि फोनचा उपयोगही बदलला. आता मी पडद्यावर फारसे काही दाखवत नाही. चौथीच्या मुलांचे गट करतो, फोन एअरप्लेन मोडवर टाकतो आणि रेकॉर्डर उघडून त्यांच्या हातात देतो. उतारा वाचायचा, रेकॉर्ड करायचा, पुस्तकात बोट ठेवून स्वतःचाच आवाज ऐकायचा. एक मुलगी धडा आगगाडीसारखा वाचायची. 'पूर्णविरामाला थांब' हे माझे पालुपद तिच्या कानावरून जायचे. स्वतःचे वाचन ऐकल्यावर तीच म्हणाली, "गुरुजी, कोण काय बोललं तेच कळत नाही यात." मग पेन्सिलीने थांबायच्या जागी खुणा केल्या आणि पुन्हा वाचले. तिसऱ्या खेपेला तिच्या वाचनात दोन माणसे बोलताना ऐकू आली. यात ना इंटरनेट लागले, ना अॅप.

आता मुले घरच्यांच्या मुलाखती घेतात. हिरडा कधी झोडायचा, वाळवायचा कसा, भाव कोण ठरवतो, हे आजीला विचारून रेकॉर्ड करतात आणि वर्गात ऐकून लिहून काढतात. एक वाक्य उतरवायला रेकॉर्डिंग पाच-सहा वेळा मागे न्यावे लागते. शुद्धलेखनाचा इतका सराव मी फळ्यावर कधी करून घेऊ शकलो नाही. फोन माझाच आहे. त्याच्या काचेबद्दल कृपया विचारू नये.

मुलांच्या हाती फोन देऊन तुम्ही त्यांना बिघडवता, असे काही सहकारी म्हणतात. पहिली-दुसरीपुरते मला ते मान्य आहे. एकक-दशक कळायला काड्यांचे गठ्ठे बांधणे-सोडणे याला पर्याय नाही. पण मोठ्या मुलांचे काय? 'असर'च्या 2024 च्या अहवालात 14 ते 16 वयोगटातल्या 82 टक्के मुलांना स्मार्टफोन चालवता येतो. त्यांपैकी आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरलेली मुले 57 टक्के आणि समाजमाध्यमांसाठी वापरलेली 76 टक्के. म्हणजे बघत बसण्याचे शिक्षण त्यांना आपसूक मिळते आहे. शाळेनेही पडद्यासमोर नुसते बसवायचे असेल, तर वेगळे काय केले? कृत्रिम बुद्धिमत्तेबाबतही माझी हीच शंका आहे. उत्तर तीच देणार असेल, तर मुलाने काय करायचे, हे आधी ठरवलेले बरे.

आता अडचण. हाच फोन मला दिवसभर दुसऱ्याच कामाला लागतो. हजेरी ऑनलाइन, पोषण आहाराची संख्या ऑनलाइन, वृक्षारोपण केले तर फोटो, शपथ घेतली तर फोटो, तोही आजच्या आज. रेकॉर्डिंग ऐन रंगात असताना शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप गटावर 'तात्काळ' असा निरोप येतो आणि मुलांच्या हातातला फोन काढून घ्यावा लागतो. वर्गात तंत्रज्ञान आहे, पण ते नोकरी कार्यालयाची करते.

दुसरी अडचण विजेची. यंत्र येते तेव्हा उद्घाटन होते, नारळ फुटतो. पण विजेच्या बिलाला आणि दुरुस्तीला पैसे कुठून आणायचे हे कोणी सांगत नाही. सादिलची, म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चाची, रक्कम तुटपुंजी आणि तीही वेळेवर येत नाही. बिल थकून मीटर काढून नेला की पॅनलवर खडूची धूळ बसायला वेळ लागत नाही.

म्हणून शिक्षण विभागाला आपल्या वृत्तपत्रातून दोन विनंत्या आहेत. नव्या प्रत्येक यंत्रासोबत निदान पाच वर्षांच्या बिलाची आणि दुरुस्तीची तरतूद करावी, भले त्यासाठी यंत्रे कमी घ्यावी लागली तरी चालतील. आणि शाळा तपासणीच्या तक्त्यात 'डिजिटल साहित्य उपलब्ध आहे / नाही' या रकान्याच्या खाली आणखी एक रकाना घालावा: या महिन्यात मुलांनी त्यावर काय तयार केले? तो भरताना साहेबांनी मुख्याध्यापकांना न विचारता चौथीच्या वर्गात जाऊन बसावे आणि मुलांनी केलेले एखादे रेकॉर्डिंग पूर्ण ऐकावे.

आपला,
एक प्राथमिक शिक्षक
ता. अकोले, जि. अहिल्यानगर
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)