ओंडके उतरवण्याआधी

पुणे, एप्रिल

चि. बाय हिस अनेक आशीर्वाद.

गुरुवारी ओंडक्यांचा ट्रक खळ्यात येणार, छोटा ट्रॅक्टर आहेच, त्याने घेईन उतरवून, असं तू काल फोनवर म्हणालीस. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे मला अजून काही दिवस गावी येता येणार नाही, आणि हे काम फोनवर सांगण्यासारखं नाही. म्हणून सविस्तर लिहितोय. पत्र दोघा गड्यांना वाचून दाखव. त्यांना यातलं बरंच ठाऊक आहे, पण त्या दिवशी तिघांच्या डोक्यात एकच रीत असायला हवी.

आधी वजनाचं बघ. जिथे माल भरतायत तिथे सुतळी घेऊन जा आणि प्रत्येक ओंडक्याचा मधला घेर आणि लांबी माप. व्यापारी घनफूट कसे काढतात ते तुला माहीत आहे: घेराचा चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. तू सांगितलास तो ऐनाच्या झाडाचा मोठा ओंडका १२ फूट लांब आणि घेर ६ फूट. म्हणजे दीड गुणिले दीड गुणिले १२, एकूण २७ घनफूट. पैसे त्या २७ चेच द्यायचे, पण वजन २७ चं धरायचं नाही. ही रीत गोल लाकडाचं आकारमान साधारण २१ टक्क्यांनी कमी दाखवते. खरं आकारमान ३४ घनफुटांच्या वर जातं. एक घनफूट पाणी २८ किलो भरतं, आणि नुकताच तोडलेला ऐन पाण्याहून हलका धरू नये. गुणाकार करून बघ, साडेनऊशे किलोच्या वर जातो. जवळजवळ एक टन.

आता आपला ट्रॅक्टर. २४ एचपी, आणि त्याच्या पुस्तकात हायड्रॉलिकची उचल ७५० किलो लिहिली आहे. तीही मागच्या खालच्या दोन दांड्यांच्या अगदी टोकाशी. तिथून आणखी दोन फूट मागे साखळी लटकवली की तो आकडा बराच खाली येतो. शिवाय ट्रॅक्टर स्वतःच एक टनाच्या आत आहे. त्याच्याएवढंच वजन त्याच्या मागे टांगलं तर पुढची चाकं जमिनीवर राहणार नाहीत, आणि पुढची चाकं उचलली की स्टिअरिंग हातात असूनही उपयोगाचं नाही.

तेव्हा ट्रकवरचा ओंडका ट्रॅक्टरने उचलायचा नाही, आणि ट्रकवरून खेचून पाडायचाही नाही. तो दोराने धरून घरंगळवत खाली आणायचा. ट्रॅक्टरचं काम ओंडका जमिनीवर पोचल्यानंतर सुरू होतं. गावात साखळी लावून ट्रॅक्टरने हिसका देतात आणि ओंडका धाडकन खाली घेतात, ते तूही पाहिलं आहेस. वेळ वाचतो हे खरं. पण तसा पडलेला ओंडका कुठे उसळेल आणि त्याच्या मागचा कधी निसटेल, हे कुणालाच आधी सांगता येत नाही, आणि तेवढ्यासाठी मला ती रीत आपल्या खळ्यात नको आहे.

ट्रक खळ्याच्या वरच्या अंगाला, फणसाजवळ सपाटीवर उभा करून घे. गडग्याच्या बाजूला नको, तिथे जांभ्याची कड ढासळते. विजेची तार वरून जाते तिकडेही नको. हँडब्रेक, गिअर आणि चाकांना दोन्ही अंगांनी दगड, हे झाल्याशिवाय कुणी दोराला हात लावायचा नाही. ड्रायव्हरला कॅबिनमधून खाली उतरव.

मग फाळक्याकडे, म्हणजे ट्रकच्या बाजूच्या उघडणाऱ्या फळीकडे, नीट बघ. प्रवासात ओंडके हलतात आणि बहुतेक वेळा एकाच बाजूला रेलून बसतात. फाळका फुगलेला दिसला, किंवा खिट्टी हाताने हलत नसेल, तर आतलं सगळं वजन त्याच्यावर आहे असं समज. तो तसाच उघडायचा नाही. आधी कडेच्या ओंडक्याला दोर घालून तो पलीकडून आवळून घ्या, भार सुटला की मगच खिट्टी काढा, आणि काढताना फाळक्याच्या टोकाला उभं राहा, समोर नाही. पहारीने ठोकून खिट्टी काढायची वेळ आली तर थांब. ती जितकी घट्ट, तितकं मागे वजन जास्त.

उतारासाठी किंजळीचे दोन सरळ वासे घे, प्रत्येकी १२ फुटांचे आणि चांगले वीतभर जाडीचे. ट्रकचा तळ जमिनीपासून सुमारे ४ फूट असतो, म्हणजे तिनास एक उतार मिळेल. त्याहून उभा नको. खालची टोकं जमिनीत खड्डा करून बसव, वरची ट्रकला बांध आणि मध्ये खालून टेकू दे. वाशांना गाठ, चीर किंवा वाळवी दिसली तर दुसरे आण.

आता दोर. याच्यावर सगळं अवलंबून आहे, म्हणून हे दोनदा वाच. दोराचं एक टोक ट्रकच्या पलीकडच्या बाजूच्या कडीला पक्कं बांधायचं. तिथून तो ओंडक्याच्या खालून घ्यायचा, उताराच्या बाजूने वर काढायचा आणि ओंडक्यावरून परत पलीकडे न्यायचा. असे दोन दोर, ओंडक्याच्या दोन्ही टोकांपासून दीड-दोन हात आत. मोकळं टोक हातात धरायचं नाही. एक दोर फणसाला आणि दुसरा माडाला तीन-तीन वेढे घेऊन मग गड्याच्या हातात. ओंडका घरंगळत खाली येतो तो या दोराच्या कवेत. साडेनऊशे किलोचा असला तरी तिनास एक उतारावर तो सव्वातीनशे किलोच्या आसपास ओढ देतो, दोर असा दुहेरी फिरवल्यावर त्याच्या निम्मी उरते, आणि ती दोन दोरांत वाटली जाते. झाडाच्या वेढ्यांनंतर गड्याच्या हातावर फारच थोडं येतं.

दोर मनिलाचे, जाड आणि नवे घे. पडवीतलं जुनं सुंभ या कामाला नको, ते वरून ठणठणीत दिसतं आणि आतून कुजलेलं असतं. नायलॉनचाही नको. तो ताणला की लांबतो आणि तुटला की चाबकासारखा उलटा येतो.

तू ट्रकच्या टोकाशी अशी उभी राहा, की दोन्ही गडी तुला दिसतील आणि तू त्यांना. उताराच्या समोर कुणीही नाही, तूसुद्धा नाही. "सोड" आणि "धर" हे दोनच शब्द, आणि ते फक्त तुझ्या तोंडून. वीत वीत दोर सोडायचा. ओंडक्याचा बुंधा जाड आणि शेंडा बारीक असतो, त्यामुळे एका फेऱ्यात बुंधा जास्त पुढे जातो आणि ओंडका तिरका होऊ लागतो. तिरका दिसला की बुंध्याचा दोर धरायचा आणि शेंड्याचा सोडायचा, सरळ झाला की पुन्हा दोन्ही. पाय किंवा पहार घालून पुढून सरळ करायला कुणी जायचं नाही. क्लीनर पहारीने ओंडका उतारावर लोटेल तोही ओंडक्याच्या मागे राहून. आणि मागचे ओंडके पाचरी मारून थोपवल्याशिवाय त्यालाही वर चढू देऊ नकोस. सगळ्यात वरचा ओंडका आधी काढायचा. मधला ओढून काढायचा मोह होतो, कारण तो सरळ असतो.

ओंडका जमिनीवर आला, त्याला दोन्ही अंगांनी पाचर लागली, मग ट्रॅक्टर काढ. आंब्याखालून जाताना तू रोल बार, म्हणजे सीटमागची लोखंडी कमान, आडवा करतेस, तो आधी उभा कर आणि बेल्ट लाव. बार आडवा असताना बेल्ट लावायचा नाही, उभा असताना लावल्याशिवाय बसायचं नाही. पुढची वजनं अडकव. मागच्या टायरमध्ये पाणी भरलंय म्हणून निर्धास्त राहू नकोस, त्याने पकड मिळते, नाक खाली राहत नाही.

साखळी ड्रॉबारलाच, म्हणजे मागच्या खालच्या ओढायच्या पट्टीलाच, दुसरीकडे कुठेही नाही. टॉप लिंकच्या, म्हणजे मागच्या वरच्या दांडीच्या, पिनला लावली की ओंडका सहज सरकतो असं तुला कुणीतरी सांगेल. ते ऐकू नकोस. ओढ मागच्या एक्सलच्या खालून असली तर ती ट्रॅक्टरला मागे उलटवायला मदत करत नाही. एक्सलच्या वरून असली आणि ओंडका कुठे मुळाला अडला, तर चाकं फिरू शकत नाहीत आणि इंजिनाची सगळी ताकद ट्रॅक्टरला एक्सलभोवती मागे फिरवण्यात जाते. पुढची चाकं उचलल्यापासून साधारण पाऊण सेकंदात तो अशा जागी पोचतो की क्लच दाबूनही परत येत नाही. पाऊण सेकंदात माणसाचं लक्षसुद्धा जात नाही, पाय कुठला पोचतोय. माझ्या सगळ्या काळजीत ही एक जागा सगळ्यात वरची आहे, बाय.

लो गिअर पहिला, क्लच हळू. साखळीतली ढील आधी काढून घे, मग ओढ. हिसका अजिबात नाही. ओंडका अडला की थांब, उतर, बघ, खालून पहारीने मोकळा कर. जोर वाढवू नकोस. ओढताना साखळीच्या आसपास किंवा ओंडक्याच्या बाजूला कुणी चालायचं नाही. वळण मोठं घे, कारण आपला ट्रॅक्टर अरुंद आहे आणि बाजूची ओढ त्याला सोसत नाही. आणि विहिरीकडच्या उतारावरून ओंडका खाली ओढायचा नाही, तो मागून येऊन ट्रॅक्टरला भिडतो. विहिरीकडे न्यायचे ते चार ओंडके वरच रचा, लाकूड कापायच्या गिरणीचा ट्रक तिथूनही भरता येईल.

फणसाचे ते लहान तुकडे, दोन-अडीचशे किलोंच्या आतले, हायड्रॉलिकला टांगून नेलेस तरी चालेल. जमिनीपासून वीतभरच वर ठेव आणि पोचल्याबरोबर खाली टेकव. टांगलेला ठेवून ट्रॅक्टरवरून उतरायचं नाही.

रचताना खाली आडवी दांडकी घाल, कडेच्या ओंडक्यांना पाचर मार, आणि शेजारची पोरं त्यांच्यावर चढून खेळणार नाहीत हे बघ. पाय मोकळे नकोत, बूट घाल. ओढणी घरात ठेवून ये.

बुधवारी रात्री पाऊस झाला तर गुरुवारी काम करायचं नाही. एप्रिलमध्ये वळवाची सर येतेच, आणि भिजलेल्या सालीवर ना दोर ठरत ना पाय. ड्रायव्हर कुरकुर करेल, दुसरी फेरी चुकते म्हणेल. त्याला दिवसाचं हॉल्टिंग, म्हणजे थांबण्याचं भाडं, देऊन टाक, आईकडे पैसे ठेवलेत. मोठ्या ऐनाचं मन घेत नसेल, वासे वाकताना दिसले, किंवा एक गडी आलाच नाही, तर हायड्रा क्रेन मागव. त्याचे दोन-चार हजार जातील, ते जाऊ देत. घराच्या तुळया पुढच्या वर्षी बसल्या तरी चालतील.

मोजमापं झाली की मला आकडे पाठव. वजनं मी इथे काढून बुधवारच्या आत कळवतो.

तुझे बाबा