तक्रार: नाणी खरी, सर्टिफिकेटं तिन्ही चुकीची

नमस्कार कस्टमर केअर,

तुमच्याकडून तीन प्राचीन रोमन नाणी घेतली, त्यांचा ऑर्डर नंबर विषयात टाकलाय. तुमच्या साइटवर मराठीत लिहिलं तरी चालेल असं आहे म्हणून सरळ मराठीतच लिहितोय, आणि प्लीज हे पत्र त्या माणसापर्यंत पोचवा जो सर्टिफिकेटवर सही करतो, कारण चॅटवर जो कोणी असतो त्याला मी काय म्हणतोय तेच कळत नाहीये, तो परत परत "सर, कॉइन ओरिजिनल आहे" एवढंच सांगतो. अहो ओरिजिनल आहे, ते मी पण म्हणतोय. तक्रार ती नाहीच.

मोठं नाणं घ्या आधी, साडेआठ हजारवालं. तुमच्या सर्टिफिकेटवर छापलंय "सम्राट कॅराकॅला आणि त्याची आई ज्युलिया डोम्ना, टांकसाळ रोम". आता नाण्याकडे बघा. एकमेकांकडे तोंड केलेले दोन चेहरे, डावीकडे दाढीवाला आणि उजवीकडे बारीक केस कापलेला पोरगा. पोरगा! ज्युलिया डोम्नाचे केस नाण्यांवर एवढे भरगच्च असतात की टोप घातल्यासारखे वाटतात, ते ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. कडेची अक्षरं ग्रीक आहेत, रोमच्या टांकसाळीत तेव्हा लॅटिन चालायचं, तिथेच शंका यायला हवी होती. आणि त्या अक्षरांत "ओपेल" स्वच्छ वाचता येतं, म्हणजे ओपेलियस, म्हणजे कॅराकॅलानंतरचा सम्राट मॅक्रिनस आणि त्याचा मुलगा डायाड्युमेनियन, इ.स. २१७-२१८, बापाची राजवट जेमतेम सव्वा वर्षाची. तुमच्या माणसाने काय केलं ते मला कळतं, त्याने शेवटचा "अँटोनिनोस" तेवढा वाचला, कॅराकॅलाचं नाण्यावरचं नाव तेच, आणि कॅराकॅला ठोकून दिला. पण कॅराकॅला सैनिकांचा लाडका होता म्हणून मॅक्रिनसने मुद्दाम आपल्या पोराला ते नाव लावलं होतं. आणि गंमत बघा, कॅराकॅलाच्या खुनामागे मॅक्रिनसच होता असं जुने इतिहासकार सांगतात, म्हणजे तुम्ही मारणाऱ्याचं नाणं मेलेल्याच्या नावावर करून टाकलंत.

मागची बाजू तर कोणी वाचलीच नाही असं दिसतं. सापाला भरवणारी हायजिया देवी, भोवती गव्हर्नर पोंतियानसचं नाव आणि मार्कियानोपोलिस गावाचं नाव. हे गाव आजच्या बल्गेरियातलं देवन्या, सम्राट ट्राजनने बहीण मार्कियानाच्या नावाने वसवलेलं. तिथे कॅराकॅला आणि आईचे असेच समोरासमोरचे चेहरे पण निघाले, पण त्या नाण्यांवर गव्हर्नर क्विंटिलियानस येतो. म्हणजे चेहरा झिजला असता तरी मागच्या एका नावावरून निकाल लागला असता. बाजूला जे एकटं "ई" अक्षर आहे त्याला तुम्ही "टांकसाळीची खूण" लिहिलंय, तो ग्रीक पाचाचा आकडा आहे हो, पाच अस्सारियाचं (अस्सारिया म्हणजे तिथलं छोटं चलन) नाणं.

मेलला तुमचं उत्तर आलं की "प्राचीन नाण्यांच्या ओळखीत मतभेद असतातच". असतात, मान्य. कॅराकॅला की मॅक्रिनसनंतरचा सम्राट एलागाबालस यावर असतात, दोघांची नावं नाण्यावर तंतोतंत सारखी येतात आणि तरुणपणीचे चेहरे पण जवळपास तसेच, तिथे चुकलात तर मी एक अक्षर बोललो नसतो. ओपेलमध्ये कसला मतभेद?

दुसरं इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाचं. त्यावर सम्राट प्रोबसचं नाव आहे आणि मागे चोचीत हार धरलेला गरुड. शेजारी एल सारखी खूण आणि गॅमा हे ग्रीक अक्षर. ती खूण म्हणजे "वर्ष" आणि गॅमा म्हणजे तीन, प्रोबसच्या राज्याचं तिसरं वर्ष. इजिप्तचं वर्ष ऑगस्टच्या शेवटी बदलायचं म्हणून २७७-२७८. तुम्ही छापलंय "इ.स. ३". इ.स. ३ ला ऑगस्टस गादीवर होता!! पावणेतीनशे वर्षांची चूक, आणि वर त्याच कागदाचे साडेसातशे वेगळे घेतलेत.

तिसरं छोटं, सम्राट तिसऱ्या गॉर्डियनचं, मागे लष्कराची तीन निशाणं. ते नायसियाचं म्हणजे तुर्कस्तानातल्या इझनिकचं, तुम्ही "नीस, फ्रान्स" लिहिलंय. नीसचं पण जुनं नाव तेच होतं हे खरं, पण ही तीन निशाणांची नाणी इझनिकचीच आणि चिक्कार मिळतात, "दुर्मिळ फ्रेंच" म्हणून जे जास्तीचे पैसे लावलेत ते कशाचे?

त्यात भर म्हणजे याच नाण्यावर पोपटी पावडर आलीये. तुमचा माणूस म्हणतो नॅचरल पॅटिना, म्हणजे जुन्या धातूवर आपोआप चढणारा थर. पॅटिना घट्ट बसलेली असते, ही काडीने खरवडली की भुकटी होऊन निघते आणि चार दिवसांनी परत येते, याला ब्राँझ डिसीज म्हणतात, धातूतलं क्लोराइड दमट हवेत धातू खात जातं. आणि ठाण्यात जुलैमध्ये पार्सल पाठवताना तिन्ही नाणी एकाच प्लास्टिकमध्ये, सिलिका जेलची साधी पुडी नाही.

आणि ती जाहिरात काढा, "कल्याण-सोपारा बंदरात फिरलेली नाणी". बंदरं खरी, पेरिप्लस या जुन्या ग्रीक सागरी व्यापाराच्या पुस्तकात दोन्हींची नावं आहेत, पण ते पहिलं शतक आणि ही नाणी तिसऱ्यातली. भारतात व्यापारातून आलं ते मुख्यतः रोमचं सोनं-चांदी, तेही जास्त करून दक्षिणेत सापडलेलं. अलेक्झांड्रियाचं नाणं इजिप्तबाहेर चालतच नव्हतं आणि मार्कियानोपोलिसचं तर तिथल्या आसपासच्या बाजारापुरतं.

मला राग पैशाचा कमी आणि याचा जास्त आहे की असल्या नाण्यात धातूची किंमत शून्य असते, गिऱ्हाईक ओळखीचेच पैसे देतं. सातबारा दुसऱ्याच्या नावाचा देऊन "जमीन तर खरी आहे ना" म्हणण्यातला प्रकार झाला हा. ऑक्सफर्डच्या अॅशमोलियन म्युझियमचा रोमन प्रोव्हिन्शियल कॉइनेजचा, म्हणजे रोमन प्रांतांमधल्या असल्या नाण्यांचा, डेटाबेस फुकट आहे, गाव टाका, सम्राट टाका, फोटो जुळवा, नायसियाचं तर तिथे लगेच सापडलं असतं.

तर आता मला हवंय ते असं. इझनिकवालं परत घ्या आणि पूर्ण पैसे द्या, कुरिअर तुमच्या खर्चाने. बाकीची दोन मी ठेवतो, आवडलीयेत, पण सर्टिफिकेटं नवी आणि बरोबर करून द्या आणि जुन्यांचे पैसे परत करा. "पॅकेट उघडलं म्हणून रिटर्न नाही" हे कारण देऊ नका, पॅकेट न उघडता नाण्याची मागची बाजू कशी वाचायची ते आधी सांगा. शिवाय तिन्ही नाणी कुठल्या जुन्या संग्रहातून आली ते लेखी हवंय, तुर्कस्तानातून असलं काही बाहेर न्यायला कायद्याने बंदी आहे आणि मला नंतर डोक्याला ताप नकोय.

तिन्ही नाण्यांचे दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो जोडलेत. पुन्हा तेच टेम्प्लेटवालं उत्तर आलं तर १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला फोन लावणार.

तुमचा एक ग्राहक, ठाणे