७२ तासांची गोळी माहीत आहे, पुढचं नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी एम.कॉम.ला आहे आणि संध्याकाळी कर्वेनगरात एका मेडिकलच्या काउंटरला बसतो. आजूबाजूला सगळी होस्टेलं आणि कॉट बेसिसवाली पोरं. पोरगा येतो, आधी डोकेदुखीची गोळी मागतो, दुकानात कुणी काकू असतील तर उगाच टूथपेस्ट चाळत उभा राहतो आणि त्या गेल्या की हळूच "ते एक पाकीट द्या ना", म्हणजे कंडोमचं. मुली तर येतच नाहीत, कारण आली की अख्खी रांग वळून बघते.

पण लाजेचं एक वेळ सोडा. सोमवारी आमच्याकडे सगळ्यात जास्त काय मागतात, तर संबंधानंतर घ्यायची ती ७२ तासांची गोळी. एका ओळखीच्याला विचारलंच, कंडोम का नाही वापरत रे, तर म्हणे "आमचं सिरियस आहे, ती काय तसली नाहीये". म्हणजे कंडोम 'तसल्यां'साठी! अरे पण एचआयव्ही असलेला माणूस कित्येक वर्षं ठणठणीत दिसू शकतो, त्याला स्वतःलाही माहीत नसतं, आणि ती गोळी फक्त दिवस राहू नयेत म्हणून, एचआयव्हीला तिचा काडीचा उपयोग नाही.

गंमत म्हणजे एचआयव्हीचेपण ७२ तासच असतात. धोका झालाय असं वाटलं तर त्याच्या आत, खरं तर जितक्या लवकर जमेल तितक्या लवकर सरकारी हॉस्पिटलच्या एआरटी सेंटरला (एचआयव्हीची औषधं देतात तिथे) जायचं, डॉक्टरांना गरज वाटली तर २८ दिवसांची औषधं सुरू करतात. हे आमच्या दुकानात आलेल्या एकालाही माहीत नव्हतं, आणि खोटं कशाला बोलू, मलाही गेल्या वर्षीच कळलं.

कॉलेजात १ डिसेंबरला, जागतिक एड्स दिनाला, काय होतं? लाल रिबिनीची रांगोळी, घोषवाक्य स्पर्धा, फोटो. आमच्या कार्यक्रमात तर कंडोमला तासभर 'साधन' म्हणत होते. र. धों. कर्व्यांनी १९२१ ला मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, 'समाजस्वास्थ्य' मासिकापायी कोर्टाच्या पायऱ्या चढले, आणि त्यांच्या वडिलांच्या नावाच्या कर्वे रस्त्यावरून रोज जाणारे आपण अजून 'साधन'वरच.

त्यापेक्षा पोरांना कामाचं सांगा ना. पाकीट महिनोन्‌महिने वॉलेटमध्ये ठेवू नका, रबर खराब होतं, एक्सपायरी बघा, खोबरेल तेल तर अजिबात नको. ससून हॉस्पिटलला एचआयव्हीची टेस्ट फुकट होते, रिझल्ट गुप्त ठेवतात, आणि २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने तुमच्या संमतीशिवाय टेस्ट करता येत नाही. फोनवर विचारायचं असेल तर १०९७, पैसे लागत नाहीत.

हे पत्र छापलंत तर बरं होईल, आतल्या पानावर चालेल. तसंही आम्ही पाकिटं गुंडाळून देतो ती तुमच्याच पेपरात.

आपला,
एक विद्यार्थी, कर्वेनगर, पुणे